तक्ता पाठ, वाक्य चूक: इंग्रजी काळ आणि मोडल पक्के करण्याचा क्रम

टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेला एखादा मुलगा बाहेरच्या ग्राहकाला मेल टाकतो, ‘वी हॅड डिस्पॅच्ड द गुड्स ऑन मंडे.’ त्याला एवढंच सांगायचं असतं की सोमवारी माल पाठवला होता. वाचणारा मात्र पुढच्या ओळीची वाट बघतो. पाठवला होता, मग काय झालं? गाडी बंद पडली? माल परत आला? खाली फक्त ‘थँक्स अँड रिगार्ड्स’.

या मुलाने बारा काळांचा तक्ता दहावीलाच तोंडपाठ केलेला असतो. सोलापुरात नोकरीसाठी, नर्सिंगसाठी किंवा पुण्यातल्या इंटरव्ह्यूसाठी इंग्रजी शिकणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं. आपण मराठी वाक्याचा शेवट बघून इंग्रजी रूप काढतो. ‘आहे’ दिसलं की हॅव, ‘होतं’ दिसलं की हॅड, ‘पाहिजे’ दिसलं की मस्ट. तिथेच घोळ होतो. आधी घटना कधीची आणि ती संपली का, हे ठरवायचं, रूप त्यानंतर. खालचे टप्पे याच क्रमाने करा. मोडल, म्हणजे कॅन, शुड, मस्ट यांसारखी सहायक क्रियापदं, पाचव्या टप्प्यावर येतात आणि ते तिथेच ठेवा. काळ कच्चे असताना मोडल घेतले की दोन्ही कच्चे राहतात.

## तयारी: वही आणि क्रियापदं

तक्ता बाजूला ठेवा. एक वही घ्या आणि डाव्या पानांवर आपली रोजची चाळीसेक मराठी वाक्यं लिहा. पुस्तकातली नकोत. ‘आमच्याकडे रोज पाणी येत नाही.’ ‘मी सात रस्त्याला उतरतो.’ ‘साहेब अजून आले नाहीत.’ ‘काल गड्ड्यावर (सोलापूरच्या जत्रेत) गेलो होतो.’ ‘उद्या पुण्याला जायचंय.’ ‘त्याला फोन करायला पाहिजे होता.’ जशी तोंडात येतात तशीच लिहा. उजवं पान सध्या कोरं राहू द्या.

दुसरी तयारी क्रियापदांची. तीन रूपं एका दमात म्हणायची: गो, वेंट, गॉन. सगळी यादी पाठ करायची गरज नाही. कट, पुट यांची तिन्ही रूपं सारखीच. सेंड, कीप, बाय यांचं दुसरं आणि तिसरं सारखं. खरा त्रास तिसऱ्या गटाचा, जिथे दुसरं आणि तिसरं रूप वेगळं: गो, सी, डू, गिव्ह, टेक, राइट, स्पीक, ब्रेक, ईट, नो, बिगिन. कम त्याहून फसवा, कारण त्याचं तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखंच आहे: कम, केम, कम. ‘आय हॅव वेंट’ आणि ‘ही हॅज केम’ या चुका इथूनच जन्माला येतात, तेव्हा आधी एवढीच घ्या.

तपासणी: घरातल्या कुणालाही पहिलं रूप विचारायला सांगा. उत्तर देताना डोळे छताकडे गेले, तर ते क्रियापद अजून आलेलं नाही.

## टप्पा १: प्रत्येक वाक्याला वेळेचं अक्षर

डाव्या पानावरच्या प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर टाका. नेहमीचं असेल तर ‘ने’, या क्षणी किंवा या दिवसांत चालू असेल तर ‘चा’, संपलेलं असेल तर ‘सं’, पुढचं असेल तर ‘पु’. इंग्रजी अजून नाही.

हे पोरकट वाटतं म्हणून बरेच जण वगळतात आणि पुढे अडकतात. ‘मी बँकेत काम करतोय’ हे वाक्य घ्या. रूप बघितलं तर चालू, पण अर्थ नेहमीचा आहे. अक्षर ‘ने’, म्हणून इंग्रजी ‘आय वर्क इन अ बँक’. ‘तू कुठे राहतोयस?’ हेही तसंच. मराठीत नेहमीच्या गोष्टीला ‘-तोय’ सहज लागतं. म्हणूनच ‘आय ॲम गोइंग टू ऑफिस बाय बस डेली’ आपल्याला खटकत नाही आणि ऐकणाऱ्याला खटकतं.

## टप्पा २: चार साधी रूपं, प्रश्न आणि नकारासकट

नेहमीचं: ‘सोलापूर गेट्स वॉटर फ्रॉम उजनी.’ ‘द गड्डा यात्रा टेक्स प्लेस एव्हरी जानेवारी.’ चालू: ‘दे आर रिपेअरिंग द रोड.’ संपलेलं: ‘आय मेट हिम ऑन संडे.’ पुढचं: ‘आय विल कॉल यू.’

होकारी वाक्यं बहुतेकांना जमतात. गाडी अडते ती प्रश्नात आणि नकारात. ‘डिड यू वेंट?’, ‘आय डिड नॉट केम’, ‘डज शी नोज?’ ही तिन्ही एकाच जातीची चूक. एसटीत तिकीट एकदाच काढतात, तसा भूतकाळ वाक्यात एकदाच लावायचा. ‘डिड’ने तो घेतला की क्रियापद मूळ रूपात परत येतं: ‘डिड यू गो?’, ‘आय डिड नॉट कम.’ ‘डज’चंही तेच. ‘एस’ त्याने घेतला, म्हणून ‘डज शी नो?’

सावधान: नो, वॉन्ट, लाइक, अंडरस्टँड, बिलाँग अशा क्रियापदांना सहसा ‘आयएनजी’ लावत नाहीत. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ऐवजी ‘आय डोन्ट अंडरस्टँड’. जवळ असणं या अर्थाचा ‘हॅव’ही तसाच: ‘आय हॅव टू ब्रदर्स’. जेवतोय या अर्थी मात्र ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर.

पुढच्या काळात मराठी दोन ठिकाणी मदत करते आणि एका ठिकाणी फसवते. ‘उद्या पुण्याला जातोय’, हे ठरलेलं आहे, म्हणून ‘आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो’. ‘गाडी सकाळी सुटते’, हे वेळापत्रक, म्हणून ‘द ट्रेन लीव्ह्ज इन द मॉर्निंग’. दोन्हीकडे मराठीचंच रूप चालतं. पण ‘थांबा, मी आणतो’ असं जागच्या जागी ठरवून म्हणतो, तिथे मराठीत वर्तमान असला तरी इंग्रजीत ‘विल’ लागतं: ‘वेट, आय विल ब्रिंग इट.’

## टप्पा ३: ‘आहे’ आणि ‘होतं’

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आठवडा गेला तरी चालेल.

‘मी काल मेल पाठवला आहे.’ या मराठी वाक्यात काहीही चूक नाही. इंग्रजीत मात्र ‘हॅव सेंट’ आणि ‘यस्टरडे’ एका वाक्यात नांदत नाहीत. काल, सोमवारी, दोन दिवसांपूर्वी, २०१९ मध्ये अशी संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळच: ‘आय सेंट द मेल यस्टरडे.’ वेळ सांगितलीच नाही किंवा ती अजून संपलेली नाही, तेव्हा ‘हॅव’: ‘आय हॅव सेंट द मेल.’ ‘आय हॅव मेट हिम ट्वाइस धिस वीक.’ ऑलरेडी, यट, एव्हर, नेव्हर हे शब्द बहुधा ‘हॅव’सोबत दिसतील.

वंदे भारतचं उदाहरण घ्या. मुंबई-सोलापूर गाडी १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. तारीख सांगायची असेल तर ‘इट स्टार्टेड ऑन १० फेब्रुवारी २०२३’. इथे ‘हॅज स्टार्टेड’ लिहिलं की चुकलं. त्या दिवसांत तारीख न सांगता कुणी नुसती बातमी दिली असती, तर ‘वंदे भारत हॅज स्टार्टेड’ अगदी बरोबर ठरलं असतं.

आता ‘होतं’. मराठीत एकट्या घटनेलाही आपण ‘होतो’ लावतो: ‘काल गड्ड्यावर गेलो होतो.’ इंग्रजीत ‘हॅड’ हवा असेल तर भूतकाळातल्या दोन गोष्टी लागतात आणि त्यातली आधीची दाखवायची असते. ‘मी स्टेशनवर पोचलो तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेस सुटली होती’ यात दोन गोष्टी आहेत, म्हणून ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’. गड्ड्याच्या वाक्यात एकच आहे, म्हणून ‘आय वेंट टू द गड्डा यस्टरडे’.

तपासणी: ‘हॅड’ आणि तिसरं रूप लिहिलं की स्वतःला विचारा, कशाच्या आधी? उत्तर त्या वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात सापडलं नाही, तर ‘हॅड’ खोडा.

जाता जाता एक जोडी. ‘तो पुण्याला गेलाय’, म्हणजे अजून तिकडेच: ‘ही हॅज गॉन टू पुणे.’ ‘तो पुण्याला जाऊन आलाय’: ‘ही हॅज बीन टू पुणे.’ इंटरव्ह्यूमध्ये ‘आय हॅव गॉन टू मुंबई’ म्हणणारा माणूस समोरच्या खुर्चीत बसलेला असतो, हे विसरू नका.

## टप्पा ४: ‘पासून’

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ एका वाक्यात दोन चुका. काम मागे सुरू झालं आणि आजपर्यंत चालू आहे, म्हणून ‘हॅव बीन वर्किंग’. पाच वर्षं हा कालावधी आहे, म्हणून ‘फॉर’. सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तरच ‘सिन्स’. मराठीत दोन्हींना ‘पासून’ चालतं, म्हणून हा गोंधळ.

‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ ‘द ट्रेन हॅज बीन रनिंग सिन्स फेब्रुवारी २०२३.’ ‘नो’सारख्या क्रियापदाला इथेही ‘आयएनजी’ नाही: ‘आय हॅव नोन हिम सिन्स स्कूल.’

आता वहीचं उजवं पान भरा. मोडल लागेल असं वाटणारी वाक्यं, म्हणजे पाहिजे, लागतं, शकतो, असेल असलेली, तूर्त सोडून द्या.

## टप्पा ५: मोडलचा सांगाडा

मुख्य मोडल नऊ: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. यांच्यापुढे क्रियापद मूळ रूपात येतं. त्यांना ‘एस’ लागत नाही, पुढे ‘टू’ येत नाही, प्रश्नाला ‘डू’ लागत नाही आणि दोन मोडल शेजारी बसत नाहीत. ‘ही कॅन स्पीक्स’, ‘यू मस्ट टू गो’, ‘डू यू कॅन कम?’, ‘आय विल कॅन डू’ ही सगळी बाद. शेवटच्याचं बरोबर रूप ‘आय विल बी एबल टू डू इट’. ‘कॅन एबल टू’ हा आपल्याकडचा लाडका प्रकार; दोन्हींचा अर्थ एकच, एक ठेवा.

हॅव टू, नीड टू, यूज्ड टू हे या नऊमध्ये नाहीत. ‘हॅव टू’ साध्या क्रियापदासारखं वागतं: ‘शी हॅज टू गो’, ‘डज शी हॅव टू गो?’

## टप्पा ६: मराठी शेपटीवरून मोडल

काळांच्या बाबतीत मराठी शेवट फसवतो. मोडलच्या बाबतीत तो बराच उपयोगी पडतो, फक्त नीट ओळखावा लागतो.

येतं, शकतो. ‘मला तेलुगू येतं’ हे सोलापुरात कुणीही म्हणेल: ‘आय कॅन स्पीक तेलुगू.’ मागची सवयीची क्षमता ‘कुड’: ‘माय ग्रँडफादर कुड स्पीक थ्री लँग्वेजेस.’ पण एखाद्या वेळी प्रयत्न करून जमलं, तर ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’: ‘आय वॉज एबल टू गेट अ तत्काळ टिकेट.’ नकारात ‘कुडन्ट’ दोन्हीकडे चालतं.

लागतं. हे सरळ ‘हॅव टू’. लागलं म्हणजे ‘हॅड टू’, लागेल म्हणजे ‘विल हॅव टू’. ‘मस्ट’ला भूतकाळ नाही, म्हणून ‘काल थांबावं लागलं’ हे ‘आय हॅड टू वेट यस्टरडे’.

पाहिजे, हवं. सल्ला असेल तर ‘शुड’. ‘तू डॉक्टरांना दाखवायला पाहिजे’ हे ‘यू शुड सी अ डॉक्टर’. तिथे ‘मस्ट’ टाकलात तर सल्ल्याची ताकीद होते. वरिष्ठांना मेल लिहिताना ‘यू मस्ट सेंड द रिपोर्ट’ हे वाक्य कधीच जाऊ देऊ नका.

नको आणि गरज नाही. इथली चूक महाग पडते. ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई. ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे नाही केलं तरी चालेल. ‘फॉर्मची झेरॉक्स आणायची गरज नाही’ याचं ‘यू मस्ट नॉट ब्रिंग अ झेरॉक्स’ केलंत, तर झेरॉक्स आणणं हा गुन्हा झाला. नर्सिंगच्या मुलामुलींनी ही जोडी लिहून भिंतीवर लावावी. ‘या गोळीनंतर गाडी चालवू नका’ हे ‘मस्ट नॉट’, ‘उपाशीपोटी यायची गरज नाही’ हे ‘डोन्ट हॅव टू’.

-ऊ का? ‘मी खिडकी उघडू का?’ असं दुसऱ्यासाठी विचारलं तर ‘शॅल आय ओपन द विंडो?’ परवानगी मागायची तर ‘मे आय’ किंवा ‘कॅन आय’. ‘आय’ आणि ‘वी’ला नेहमी ‘शॅल’च लावायचं हा जुना नियम रोजच्या इंग्रजीत सोडून द्या, ‘विल’ चालतं.

विनंती. ‘यू प्लीज सेंड द बिल’ हे आपलं ‘तुम्ही प्लीज बिल पाठवा’. त्याऐवजी ‘कुड यू प्लीज सेंड द बिल?’ ‘वुड’ नम्र वाटतो म्हणून ‘आय वुड कम टुमॉरो’ लिहिणारे पुष्कळ. ऐकणाऱ्याला ते ‘आलो असतो, पण…’ असं वाटतं. उद्या येणार असाल तर ‘आय विल कम’.

-यचो. ‘आम्ही शाळेत चालत जायचो’: ‘वी यूज्ड टू वॉक टू स्कूल.’ पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीला ‘वुड’ही चालतं, पण स्थितीला नाही. ‘इथे पूर्वी गिरणी होती’ हे ‘देअर यूज्ड टू बी अ मिल हिअर’. सोलापुरात हे वाक्य वापरायला जागा कमी नाहीत.

असेल. ‘तो घरी असेल’ हे सरसकट ‘ही विल बी ॲट होम’ करू नका. आधी खात्री किती ते बघा. बाहेर चप्पल दिसतेय, दिवा चालू आहे: ‘ही मस्ट बी ॲट होम.’ असेल किंवा नसेलही: ‘ही मे बी ॲट होम’, ‘माइट’ही चालेल. शक्यच नाही, आत्ता तर नवी पेठेत भेटला: ‘ही कान्ट बी ॲट होम.’ अशा अंदाजाला ‘ही कॅन बी ॲट होम’ म्हणत नाहीत.

## टप्पा ७: मोडल, हॅव आणि तिसरं रूप

‘पोचला असेल’, ‘सांगायला हवं होतं’, ‘आलो असतो’ ही मागची वाक्यं. साचा एकच: मोडल, मग ‘हॅव’, मग तिसरं रूप. ‘ही मस्ट हॅव रीच्ड.’ ‘यू शुड हॅव टोल्ड मी.’ ‘आय कुड हॅव कम, बट नोबडी कॉल्ड.’ ‘आय वुड हॅव कम.’

सावधान: कर्ता ‘ही’ असला तरी इथे ‘हॅज’ येत नाही, आणि वेळ मागची असली तरी ‘हॅड’ येत नाही. शिवाय ‘ही मस्ट हॅव वेटेड’ म्हणजे तो थांबला असावा. त्याला थांबावं लागलं असेल तर ‘ही हॅड टू वेट’. दोन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक लिहून ठेवा.

## टप्पा ८: तेव्हा आणि तर

‘तो येईल तेव्हा सांगतो.’ मराठीत दोन्ही बाजू पुढच्या. इंग्रजीत ‘व्हेन’ आणि ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ नसतं: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.’ ‘पाऊस आला तर खेळ बंद’ यात मराठीने भूतकाळ वापरलाय, अर्थ पुढचा आहे: ‘इफ इट रेन्स, द मॅच विल स्टॉप.’ इथे ‘इफ इट रेन्ड’ म्हटलं की पाऊस यायची शक्यता फारशी नाही असं ऐकू येतं आणि मग पलीकडे ‘वुड’ लागतं. ‘कळलं असतं तर आलो असतो’ हे ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’. ‘हॅड’ची ही दुसरी हक्काची जागा.

## सराव

वहीत राहिलेली वाक्यं आता पूर्ण करा. मग फोनवर रोज दोन मिनिटं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा: कालचा दिवस, आजचं काम, उद्याचा बेत, याच क्रमाने. ऐकताना एका वेळी एकच चूक शोधा. पहिले काही दिवस फक्त ‘हॅड’, मग फक्त ‘डिड’नंतरचं रूप. सगळं एकदम शोधायला गेलात तर काहीच सापडत नाही. फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस वगैरे परीक्षेपुरतं बघा. ऑफिसच्या मेलमध्ये त्याची गरज क्वचितच पडते.

खालची वाक्यं उत्तर झाकून करा.

1. मी त्याला परवा भेटलो होतो.
2. ती तीन वर्षांपासून अक्कलकोट रोडला राहते.
3. तुम्हाला थांबायची गरज नाही.
4. माल आत्तापर्यंत पोचला असेल, पावती आली आहे.
5. साहेब आले की सही घेतो.
6. तुम्ही आधी विचारायला हवं होतं.

उत्तरं:

1. ‘आय मेट हिम द डे बिफोर यस्टरडे.’ एकच घटना, म्हणून ‘हॅड’ नाही.
2. ‘शी हॅज बीन लिव्हिंग ऑन अक्कलकोट रोड फॉर थ्री इयर्स.’ ‘हॅज लिव्ह्ड’ही बरोबर.
3. ‘यू डोन्ट हॅव टू वेट.’
4. ‘द गुड्स मस्ट हॅव रीच्ड बाय नाऊ. वी हॅव रिसीव्ड द रिसीट.’ पावती हातात असल्यामुळे ‘मे’ नाही, ‘मस्ट’.
5. ‘व्हेन द बॉस कम्स, आय विल गेट हिज सिग्नेचर.’
6. ‘यू शुड हॅव आस्क्ड फर्स्ट.’ हे वरिष्ठांना म्हणायचं असेल, तर वाक्य बरोबर असूनही न पाठवलेलं बरं.